उसन्या पैशांचा दशमांश

नगरकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. कर्ज डोक्यावर असताना दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, मंडळीत (चर्चमध्ये) द्यायचा का, असा तिचा प्रश्न आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. आकडे मात्र तिचेच आहेत.

"मी एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. हातात २६ हजार येतात. मिस्टरांचा छोटा हत्ती आहे, डिझेल-दुरुस्ती जाऊन १९ हजारांच्या आसपास सुटतात. दोन मुले शाळेत, घर भाड्याचे, भाडे ६ हजार. टेम्पोच्या कर्जाचे २ लाख १० हजार बाकी आहेत, हप्ता ९,८००. नणंदेच्या लग्नाला काढलेल्या पर्सनल लोनचे १ लाख ४० हजार, हप्ता ६,९००. क्रेडिट कार्डाचे ६२ हजार झालेत, दर महिन्याला 'मिनिमम' ३,१०० भरते. महिला बचत गटाचे २० हजार, तिथे महिन्याला २ हजार जातात. लग्नात आईने घातलेल्या ३ तोळ्यांच्या पाटल्या २०२१ पासून पतसंस्थेत गहाण आहेत, ८० हजारांवर. दरवर्षी व्याज भरून नवी पावती करतो. भावाचे हातउसने ५० हजार आहेत, तो मागत नाही, पण हल्ली फोनही करत नाही.

आणि एक देणे मिस्टरांना माहीत नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात मी एकाकडून ३० हजार घेतले, शेकडा पाचने. सही केलेला कोरा चेक त्याच्याकडे आहे. दीड वर्ष दरमहा १,५०० देते आहे, मुद्दल आहे तिथेच आहे.

आमचे पाळकसाहेब म्हणतात, काही झाले तरी दशमांश चुकवू नका, बायबलमधला मलाखी वाचा. गेले तीन महिने पहिल्या रविवारचे पाकीट भरायला मी कार्डावरून ४,५०० रुपये काढले. दशमांश थांबवला तर देवाला फसवल्यासारखे होईल का? की कर्ज हाच आमच्यावरचा शाप आहे? लोनवाले रात्री साडेनऊला फोन करतात, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरलाही केला. एकाने सांगितले, थोडेफार भरून 'सेटलमेंट' करून टाका. ते ख्रिस्ती माणसाला शोभते का? त्यात मिस्टर मंडळीच्या संगतीतल्या एका बंधूला जामीन राहिलेत. तो हप्ते भरत नाही. पतसंस्थेची नोटीस मला टेम्पोच्या कप्प्यात सापडली, मी काही बोलले नाही. नाताळ तोंडावर आला आहे. प्रार्थना रोज करते, पण हिशेबाची वही उघडायचा धीर होत नाही."

ताई, ख्रिस्ताच्या नावात सलाम.

वही उघडायचा धीर होत नाही म्हणता, आणि पत्रात प्रत्येक देणे रुपयापर्यंत मांडता. म्हणजे वही उघडून झाली. मी बँकेच्या कर्ज खात्यात नोकरी केली आणि आमच्या मंडळीच्या खजिनदाराचे कामही बरीच वर्षे पाहिले. दोन्हीकडे एकच अनुभव आला: ज्याला आपले देणे एकूण किती हे सांगता येत नाही, त्याला मदत करणे कठीण. तुमचे एकूण ५ लाख ९२ हजार आहे. तुम्ही बेरीज लिहिली नव्हती, मी केली.

आधी पाकिटाचे बोलते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त बोचले ते तेच. कार्डावरून काढलेले ४,५०० रुपये तुमचे नव्हते, बँकेचे होते. रोख काढले की बहुतेक कार्डांवर वेगळे शुल्क बसते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते, खरेदीला मिळते तशी महिना-दीड महिन्याची सवलत तिथे नसते. म्हणजे दुसऱ्याचे पैसे, तेही महागात महाग व्याजाने उचलून, देवापुढे ठेवले. तुमची श्रद्धा खरी आहे, त्याविषयी मला शंका नाही. पण ज्याच्यावर आपला हक्क नाही ते अर्पण करता येत नाही. प्रभूने मार्क ७ मध्ये परूशांना, म्हणजे नियमांवर बोट ठेवणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, 'कुर्बान'वरून (देवाला वाहिलेल्या दानावरून) खडसावले ते आठवा. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले म्हणून सांगायचे आणि मोकळे व्हायचे, ही त्यांची युक्ती होती. प्रभूला ती धार्मिकता वाटली नाही. आणि डोंगरावरच्या प्रवचनात तर तो म्हणतो, वेदीपाशी आल्यावर आठवले की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुमच्या भावाचे ५० हजार आहेत आणि त्याचा फोन येत नाही. तुम्हाला ही ओळ माझ्याआधी आठवली असेल.

सगळा दशमांश भांडारात आणा, हे मलाखी ३:१० पाळकसाहेब सांगतात, बरोबर सांगतात. पण त्याच अध्यायाचे पाचवे वचनही वाचायला हवे, तिथे मजुराची मजुरी अडवणाऱ्यांवर आणि विधवा-अनाथांना गांजणाऱ्यांवर देव साक्ष देतो आहे. शिवाय दशमांश जायचा कुठे? 'माझ्या मंदिरात अन्न असावे' म्हणून तो भांडारात आणायचा होता. अनुवाद या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायाच्या शेवटी स्पष्ट लिहिले आहे की तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायचा आणि तो लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खायचा. म्हणजे शास्त्रात दशमांशाला देणारा हात आहे तसा घेणाराही आहे. आमच्या मंडळ्यांमध्ये देणाऱ्या हातावर वर्षाला दहा प्रवचने होतात, घेणाऱ्या हातावर एकही नाही. मंडळीतले एक घर कार्डावरून पैसे उचलून पाकीट भरते आणि कमिटीला पत्ता नाही, ही लाज त्या घराची नाही.

मग द्यायचेच नाही का? असे मी म्हणत नाही. पौल करिंथकरांना लिहितो की मनाची तयारी असली म्हणजे माणसाजवळ जे आहे त्यावरून दान मान्य होते, जे नाही त्यावरून नाही. तुमच्याजवळ जे आहे त्यातून ठरवा: महिन्याला ५०० रुपये, रोख, पगारातले. आणि तुम्ही नर्स आहात. महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर म्हाताऱ्या माणसांचे बीपी तपासायला बसा, साखर बघा, औषधांच्या चिठ्ठ्या समजावून सांगा. खजिनदाराच्या वहीत त्याची नोंद होणार नाही, नसेना का. पाळकसाहेबांना स्वतः जाऊन सांगा: दशमांश थांबवत नाही, घेणेकऱ्यांचे फेडेपर्यंत कमी करते आहे. चांगला पाळक असेल तर ऐकेल. आणि फोनवरच्या सभांतून 'बीज पेरा, शंभरपट मिळेल' म्हणणाऱ्यांना एक रुपया पाठवू नका. तुम्ही पाठवता असे पत्रात नाही, पण या विषयावरची जी पत्रे माझ्याकडे येतात त्यांतल्या बऱ्याच पत्रांत ते निघतेच.

शापाचे म्हणाल तर २ राजे ४ उघडा. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची बायको अलीशा संदेष्ट्याकडे रडत येते. नवरा मेला, तो देवाचे भय धरणारा होता, आणि सावकार आता दोन्ही मुलांना गुलाम करायला आला आहे. देवभीरू माणूस कर्ज ठेवून मेला, अलीशा त्यावर एक शब्द दोष देत नाही. नणंदेचे लग्न, आईचा दवाखाना, टेम्पो: तुमच्या कर्जात चैनीचे मला काही दिसले नाही. लग्नाच्या खर्चाला थोडा आवर घालता आला असता, पण ते आता बोलून काय उपयोग.

आता हप्त्यांकडे. महिन्याला २३,३०० रुपये देण्यांत जातात. ४५ हजारांतून उरले २१,७००. त्यातून दशमांश ४,५०० आणि भाडे ६,००० काढले की ११,२०० रुपयांत चार माणसांचे खाणे, गॅस, लाईट, शाळा, औषधे. हे बसतच नाही. म्हणून वीस तारखेनंतर किराणा कार्डावर येतो, हे तुम्ही लिहिले नसले तरी मला दिसते. आणि कार्ड बघा. स्टेटमेंटवर दरमहा ३.५ टक्के असतील, बऱ्याच कार्डांवर तेवढे असतात. ६२ हजारांवर व्याज झाले २,१७०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३९०. तुम्ही ३,१०० भरता त्यातले २,५६० असे गेले, मुद्दलातून फिटले ५४० रुपये. त्याच महिन्यात पाकिटासाठी ४,५०० काढले. 'मिनिमम' भरणारे गिऱ्हाईक बँकेला सगळ्यात आवडते, हे मी काउंटरच्या आत बसून पाहिले आहे.

यातून वाट आहे. पण तिच्याआधी मिस्टरांशी बोलणे आहे, आणि ते टाळून पुढचे काहीच जमणार नाही. तुम्ही सावकाराचे लपवले, त्यांनी नोटीस लपवली, आणि नोटीस सापडल्याचे तुम्ही लपवले. एका घरात दोन माणसे वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून एकच काळजी करताहेत. रविवारी उपासनेहून आल्यावर, मुले बाहेर खेळायला गेली की बसा. नोटिशीने सुरुवात करू नका, ते भांडण होईल. तुमच्या ३० हजारांनी सुरुवात करा. "आईच्या वेळी मी तुम्हाला न विचारता पैसे घेतले, शेकडा पाचने, आणि चेक देऊन बसले." एवढे सरळ. रागावतील. रागावू द्या, उलट उत्तर देऊ नका. मग कागदावर सातही देणी लिहून पुढे ठेवा, आणि मोकळी जागा सोडून म्हणा, "तुमच्याकडचे काही राहिले असेल तर इथे लिहा." नोटीस तिथे लिहिली जाईल असे मला वाटते. नाही लिहिली तर मग तुम्ही काढा. मारहाणीची भीती असेल, तसे पत्रात काही नाही पण विचारणे माझे काम आहे, तर एकट्याने बोलू नका. पाळकीणबाईंना किंवा भावाला घरी बोलावून बोला.

आता वाट. अलीशाने त्या विधवेला पहिला प्रश्न विचारला तो असा: घरात तुझ्याकडे काय आहे? ती म्हणाली, काही नाही, एक तेलाची कुपी आहे. नंतरचा चमत्कार सगळ्यांना पाठ आहे, शेजारपाजारची रिकामी भांडी आणून दार लावून तेल ओतत गेली, भांडी संपेपर्यंत तेल थांबले नाही. पण शेवटचे वाक्य प्रवचनात घाईत वाचले जाते. जा, तेल विक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू आणि तुझे मुलगे निर्वाह करा. देवाने चमत्कार केला तरी सावकाराचा हिशेब बुडवला नाही. तेल बाजारात न्यावे लागले.

तुमच्या घरात काय आहे, ताई? ३ तोळ्यांच्या पाटल्या.

हे वाचून तुमच्या पोटात गोळा येईल, ठाऊक आहे. आधी आकडे ऐका. २०२१ मध्ये तुम्ही गहाण टाकले तेव्हा तोळ्याचा भाव पन्नास हजारांच्या आतबाहेर होता. २०२५ मध्ये सोन्याने लाखाची पायरी ओलांडली. २२ कॅरेट, जुना दागिना, घट, सराफाची कपात, सगळे धरून अगदी हात राखून तोळ्याला ९० हजार हाती पडतात असे समजू. २ लाख ७० हजार झाले. पतसंस्थेचे ८० हजार आणि वर्षाचे व्याज मिळून ९० हजार वजा. हातात राहिले १ लाख ८० हजार. त्यातून सावकाराचे ३० हजार, कार्डाचे ६२ हजार, गटाचे २० हजार: १ लाख १२ हजार गेले, तीन देणी मुळासकट संपली. उरलेल्या ६८ हजारांतले २० हजार वेगळ्या खात्यात अडीनडीला ठेवा, कार्डाशिवाय जगायचे तर ते लागतील. ४८ हजार पर्सनल लोनच्या मुद्दलात भरा, ते ९२ हजारांवर येईल. पण भरण्याआधी करारपत्र बघा. मुदतीआधी भरल्यावर काय आकार लावतात आणि अर्धवट रक्कम घेतात की नाही, ते लेखी विचारा.

५ लाख ९२ हजारांचे ३ लाख ५२ हजार झाले. आणि दर महिन्याचे ६,६०० सुटले. ते घरखर्चात मिसळू देऊ नका. त्यातले ४,६०० पर्सनल लोनच्या हप्त्यावर जास्तीचे भरा, २ हजार भावाला पाठवा. घरातून जाणारी रक्कम आज आहे तेवढीच राहील, २३,३००, फक्त आता तिच्यातून मुद्दल फिटेल. पर्सनल लोन वर्षाच्या आत संपते. मग ते साडेअकरा हजार भावाकडे वळवले की त्याचे उरलेलेही तीनेक महिन्यांत फिटतात, आणि शेवटी एकटा टेम्पो उरतो, जो कमावतो आहे. दशमांशातून वाचलेले चार हजार किराण्याला. तेवढ्याने वीस तारखेनंतरचे कार्ड थांबायला हवे.

आई गेली आणि पाटल्या तिची आठवण आहेत, हे मला कळते. पण चार वर्षे त्या पतसंस्थेच्या तिजोरीत आहेत आणि तुम्ही दरवर्षी दहा हजार भरून त्यांची पावती घरी आणता आहात. जीव तुटत असेल तर एक पाटली विका, एक सोडवून हातात घाला. दीड तोळ्याचे १ लाख ३५ हजार, ९० हजार पतसंस्थेला, ४५ हजार हातात. सावकार संपेल आणि कार्डाचे १५ हजार कमी होतील. वाट लांबेल, पण बंद होणार नाही. हा निर्णय तुमचा एकटीचा आहे. ते स्त्रीधन आहे. मिस्टरांनी किंवा सासरच्या कुणी त्यावर बोलू नये, आणि पाळकसाहेबांनीही नाही.

सावकाराविषयी थोडे जास्त सांगायला हवे. बायबलमधला नहेम्याचा पाचवा अध्याय वाचा. नहेम्या हा यहूदाचा सुभेदार. यरुशलेमेचा कोट बांधायचे काम चालू आहे आणि लोक ओरडताहेत: दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली, राजाचा कर भरायला पैसे काढले, मुली दासी झाल्या. देणारे परके नव्हते, आपलेच यहूदी बांधव होते. नहेम्या संतापतो, सभा बोलावतो आणि जमिनी परत करायला लावतो, वर पैशाचा शंभरावा हिस्साही सोडायला लावतो. हा शंभरावा हिस्सा पुष्कळ अभ्यासक दरमहाचे व्याज मानतात. म्हणजे नहेम्या भडकला तो शेकडा एकवर. तुम्ही पाच देता आहात, वर्षाला साठ टक्के. आपल्या मुलखाला हे नवे नाही. १८७५ साली सुप्याला आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, त्याच्या मागे हेच होते.

जाळायचे काही नाही. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी सरकारने ठरवलेल्या दराच्या वर व्याज घेता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांचे कार्यालय असते, तक्रार तिथे करतात. तक्रार करायची की मुद्दल देऊन मोकळे व्हायचे, हे तुम्ही दोघांनी ठरवा. मी तुमच्या जागी असते तर मुद्दल दिले असते आणि पुढच्या महिन्याचे १,५०० दिले नसते. जाताना मिस्टरांना बरोबर घ्या, मंडळीतला एखादा वडीलधारा माणूसही घ्या. रोख देऊ नका, बँकेतून पाठवा म्हणजे नोंद राहील. चेक आधी टेबलावर ठेवायला सांगा, मग पैसे पाठवा. 'सर्व रक्कम मिळाली, काही येणे नाही' अशी सही-तारखेची चिठ्ठी घ्या. चेक हरवला म्हणाला तर तिथेच पैसे थांबवा, बँकेत जाऊन त्या चेकचे पेमेंट थांबवायचा अर्ज द्या आणि मग निबंधकांकडे जा.

फोनवाल्यांचे एका दमात सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर करता येत नाही. नातेवाइकांना, कामाच्या ठिकाणी फोन करून बेअब्रू करणे तर मुळीच चालत नाही. रात्री साडेनऊच्या फोनांचे स्क्रीनशॉट ठेवा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. इन्चार्ज सिस्टरना स्वतःच सांगून टाका की फोन का आला. त्यांना कळलेलेच आहे.

सेटलमेंट स्वतः पाप नाही. कर्ज देणारा आपल्या राजीखुशीने काही सोडतो आणि कर्ज घेणारा ते मान्य करतो, हा व्यवहार आहे. ज्याची नोकरी गेली, ज्याच्या घरात कमावते माणूस गेले, त्याने तो खुशाल करावा. अनुवाद १५ मध्ये सातव्या वर्षी कर्ज सोडायचा नियम देवानेच घालून दिला आहे. पण तुमची फेडायची ऐपत आहे. ऐपत असून कमी द्यायचे आणि वर स्तोत्र ३७ ऐकायचे, 'दुर्जन उसने घेतो आणि परत करत नाही', ते तुम्हाला झोपू देणार नाही. शिवाय सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे घराचे कर्ज मागायला गेलात की तो वर्षानुवर्षे आडवा येतो.

राहिला जामीन. यात तुमच्या मिस्टरांनी वेळ दवडू नये. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेने आधी त्याच्या मागे लागले पाहिजे असे बंधन नाही, ती थेट तुमच्या दारात येऊ शकते. सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुली दाखला निघाला की टेम्पोपर्यंत जप्ती पोहोचते. नोटिशीला लेखी उत्तर द्या. कर्जाचा खातेउतारा मागा. दुसरा जामीनदार कोण आहे ते विचारा, बहुतेकदा दोन असतात. आणि कर्जदाराची मालमत्ता, पगार याची तुम्हाला माहिती असेल तर ती त्याच उत्तरात द्या.

संगतीतल्या बंधूकडे कसे जायचे ते मत्तय १८ मध्ये पायरीपायरीने दिले आहे. आधी मिस्टरांनी एकट्याने जावे. नाही ऐकले तर एकदोघांना घेऊन. तरी नाही ऐकले तर मंडळीला सांगावे. आपल्याकडे होते उलटे, आधी सगळ्या मंडळीत कुजबुज होते आणि त्या माणसाच्या तोंडावर कुणी बोलत नाही. नीतिसूत्रे ६ तर म्हणते की शेजाऱ्याला जामीन झालास तर जा, नम्र हो, त्याच्या मागे लाग, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, शिकाऱ्याच्या हातून हरिणी सुटते तसा सुटून घे. यात नम्रपणा आहे तसा तगादाही आहे. 'बंधू आहे, कसे मागायचे' म्हणून गप्प बसायला कुठेच सांगितलेले नाही. भरायची वेळ आलीच तर पावतीवर 'जामीनदार म्हणून भरणा' असे आणि मिस्टरांचे नाव असू द्या, म्हणजे ती रक्कम त्या बंधूकडून वसूल करायचा कायदेशीर हक्क शाबूत राहील. आणि यापुढे कुणालाही जामीन राहायचे नाही, सख्ख्या भावालाही नाही. "घरात ठरले आहे" एवढे उत्तर पुरते.

नाताळला कपडे फक्त मुलांना. तुम्ही दोघे गेल्या वर्षीच्या कपड्यांत उपासनेला गेलात तर कुणाचे लक्ष जाणार नाही, गेले तरी काही बिघडत नाही. करंज्या-शंकरपाळे घरी होतात, केक छोटा आणा. कॅरलवाली मंडळी रात्री येतील, त्यांना चहा आणि करंजी, पाकीट नको. नणंदेकडे देण्याघेण्याचे यंदा राहू द्या, आणि ते मिस्टरांनी बहिणीला स्वतः सांगावे, तुम्ही नाही. कार्ड २४ तारखेच्या खरेदीला बरोबर नेऊ नका. पूर्ण भरल्यावर ते बंद करायचा अर्ज द्या आणि बाकी शून्य असल्याचे पत्र घ्या. नुसते कात्रीने कापले म्हणजे खाते बंद होत नाही.

पाटल्या विकायच्या ठरल्या तर पतसंस्थेतून सोडवण्याआधी दोन सराफांकडे भाव विचारून ठेवा. सोडवायला रोख कमी पडली तर काही सराफ पतसंस्थेत बरोबर येऊन थेट तिथे भरणा करतात, तशी सोय आहे का विचारा. वजन समोर करून घ्या आणि विक्रीची पावती सोडू नका.

हे उत्तर पाळकसाहेबांना दाखवायचे असेल तर जरूर दाखवा. मलाखीवरून त्यांना माझ्याशी वाद घालायचा असेल तर त्यांनी लिहावे, या सदरात जागा देते.